नोकरी बदलताना ‘स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ हे कलम आडवे आले तर

नोकरीला लागताना हाती पडणाऱ्या अपॉइंटमेंट लेटरच्या शेवटच्या पानांवर बहुधा एक कलम असते: नोकरी सोडल्यानंतर सहा महिने, वर्षभर किंवा दोन वर्षे आपण कोणत्याही स्पर्धक कंपनीत काम करणार नाही आणि तसा व्यवसायही सुरू करणार नाही. सही करताना ते फारसे कोणी वाचत नाही. नवी ऑफर हाती आली की मात्र तेच कलम झोप उडवते. ऐकीव सल्ला दोन टोकांचा असतो. कोणी म्हणतो, ‘त्या कागदाला काडीची किंमत नाही, बिनधास्त जा’, तर कोणी कोर्टकचेरीची भीती घालतो. माझ्या मते दोघेही चुकीच्या कलमाकडे बोट दाखवतात. भारतात नोकरी संपल्यानंतरची स्पर्धाबंदी सहसा टिकत नाही. माणसे अडकतात ती तिच्या शेजारच्या कलमांत, म्हणजे नोटीस पिरियड, बाँड (ठरावीक काळ नोकरी न केल्यास पैसे भरण्याची हमी), गोपनीयता आणि ग्राहकसंपर्क यांत, आणि त्याहूनही अधिक म्हणजे नोकरी सोडण्याच्या पद्धतीत.

कायद्याची बाजू आधी समजून घ्या

भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २७ असे सांगते की, कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. इंग्लंडमध्ये अशी बंदी ‘वाजवी’ आहे का, हे तपासले जाते. आपल्याकडे कलकत्ता उच्च न्यायालयाने १८७४ मध्येच अंशतः बंदीलाही हे कलम लागू होते असे ठरवले, त्यामुळे ‘बंदी फक्त सहा महिन्यांची आहे’ किंवा ‘फक्त पुणे जिल्ह्यापुरती आहे’ एवढ्या युक्तिवादावर कंपनीचे भागत नाही. कायद्यातच दिलेला अपवाद आहे तो धंद्याचे नाव आणि लौकिक विकणाऱ्याचा: तुम्ही स्वतःची कंपनी विकून त्याच कंपनीत नोकरीला राहिला असाल, किंवा भागीदारीतून बाहेर पडत असाल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट वकिलाकडे जा, कारण तुमच्यावरची बंदी खरोखर लागू होऊ शकते.

सगळी मेख ‘नोकरी चालू असताना’ आणि ‘नोकरी संपल्यानंतर’ या फरकात आहे. हा फरक ज्या खटल्याने पक्का झाला तो आपल्या कल्याणचाच आहे. तेथील सेंच्युरी रेयॉन कारखान्याने टायर कॉर्डच्या धाग्याचे तंत्रज्ञान हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतील कंपन्यांकडून घेतले होते व ते गुप्त राखण्याची हमी दिली होती. निरंजन गोलिकरी या शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला, प्रशिक्षण घेतले आणि मुदत संपण्याआधीच तो कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये रुजू झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्यावरील मनाई कायम ठेवली, पण ती मूळ पाच वर्षांच्या उरलेल्या मुदतीपुरतीच होती. याचा अर्थ असा की ठरावीक मुदतीच्या करारात मुदतीपूर्वी प्रतिस्पर्ध्याकडे जाणे धोक्याचे आहे. मुदत किंवा नोटीस पुरी करून गेलेल्या माणसाची गोष्ट निराळी.

ती निराळी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्या खटल्यात स्पष्ट केली. त्याचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीने करारात असे घातले होते की, मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी त्याने तो आधी आपल्यापुढे ठेवावा. मुदतीनंतर असे बंधन चालणार नाही, असा निकाल लागला. पगार देऊन घरी बसवण्याची युक्तीही काही कंपन्या करतात, पण नोकरी संपल्यानंतरच्या अशा ‘गार्डन लीव्ह’च्या कलमालाही मुंबई उच्च न्यायालयाने कलम २७ चाच अडसर असल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदवले आहे. नोटीस पिरियड चालू असताना कंपनीने घरी बसायला सांगितले, तर ते मात्र वेगळे, कारण तेव्हा तुम्ही अजून पगारी नोकरच असता.

तरीही निश्चिंत होण्याचे कारण नाही. जून २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका सॉफ्टवेअर अभियंत्यावरील तीन वर्षांची बंदी अग्राह्य ठरवली, परंतु त्याआधी खालच्या न्यायालयाने त्याला मनाई केलेली होतीच. शेवटी जिंकणे आणि दरम्यानचे महिने निभावून नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढची सारी तयारी त्या मधल्या महिन्यांसाठी आहे.

राजीनाम्याचा विषय काढण्याआधी कागद जमवा

आपण नेमक्या कशाकशावर सही केली आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर तर काढाच, पण त्यांची परिशिष्टे, रुजू होताना स्वतंत्रपणे सही केलेला गोपनीयता करार, एचआर पोर्टलवर ‘मान्य आहे’ म्हणून क्लिक केलेली धोरणे, बढतीची व पगारवाढीची पत्रे, प्रशिक्षणाचा किंवा परदेशी पाठवणीचा बाँड आणि शेअर मिळाले असल्यास त्यांचे पत्र हेही पाहा. बंदीचे कलम मूळ पत्रात नसून तीन वर्षांनी आलेल्या बढतीच्या पत्रात घुसवलेले असणे मुळीच दुर्मीळ नाही. शेवटच्या दिवशी पोर्टल बंद होते, म्हणून ही पत्रे, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ आधीच उतरवून ठेवा. फक्त तुमच्या नोकरीचे कागद घ्या. कामाची एकही फाइल त्यांच्यासोबत घेऊ नका.

आता वहीत प्रत्येक बंधन वेगळे लिहा आणि त्याच्यापुढे ते कधीपर्यंत चालते हे नोंदवा. समजा, कलमाचा मथितार्थ असा आहे: ‘कर्मचारी नोकरीच्या काळात आणि त्यानंतर बारा महिने, कंपनीशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष स्पर्धा करणाऱ्या कोणत्याही संस्थेत, भारतात किंवा भारताबाहेर, कोणत्याही स्वरूपाचे काम करणार नाही, तसेच कंपनीच्या ग्राहकांशी व कर्मचाऱ्यांशी व्यवहार करणार नाही, भंग झाल्यास पाच लाख रुपये देईल.’ हे एक वाक्य दिसत असले तरी यात निदान पाच वेगवेगळी बंधने गुंफलेली आहेत. नोकरीच्या काळातील बंदी लागू आहे. बारा महिन्यांची बंदी कलम २७ खाली कोसळण्याजोगी आहे. ग्राहकांविषयीचा भाग अर्धामुर्धा टिकू शकतो, कारण जुन्या ग्राहकाला आपणहून फोन करून ओढणे आणि त्या ग्राहकाने स्वतःहून नव्या कंपनीकडे येणे यांत न्यायालये फरक करतात. सहकाऱ्यांच्या बाबतीतही तेच: नव्या कंपनीच्या उघड जाहिरातीला जुन्या सहकाऱ्याने अर्ज केला तर त्याला कोणी रोखू शकत नाही, पण तुम्ही अख्खी टीम उचलून नेऊ लागलात तर वाद ओढवून घ्याल. राहिले पाच लाख. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाई किती, हे न्यायालय ठरवते. आणि मुळात ज्या बंदीसाठी ती रक्कम लावली आहे ती बंदीच रद्दबातल असेल, तर दंडालाही आधार उरत नाही.

स्पर्धक कंपन्यांची नावे दिलेली आहेत का, हेही पाहा. इन्फोसिसच्या कलमात टीसीएस, अ‍ॅक्सेंचर, आयबीएम, कॉग्निझंट आणि विप्रो ही नावे होती आणि ज्या ग्राहकाचे काम केले त्याच ग्राहकासाठी सहा महिने या कंपन्यांतून काम न करण्याची अट होती. पुण्यातील नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने एप्रिल २०२२ मध्ये त्याविरुद्ध केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली तेव्हा हा विषय पहिल्यांदा घरोघरी पोहोचला. अट एवढी नेमकी असेल तर मार्गही नेमका निघतो: नव्या कंपनीला पहिले सहा महिने दुसऱ्या ग्राहकाच्या प्रकल्पावर ठेवण्याची विनंती करता येते, आणि मोठ्या कंपन्यांना ते जड जात नाही.

शेवटी, वाद झाल्यास तो कोणत्या शहरातील न्यायालयात चालेल आणि लवादाची तरतूद आहे का, ते टिपून घ्या. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला गुरुग्राममध्ये जाऊन भांडावे लागणार असेल, तर कायद्याची बाजू कितीही भक्कम असली तरी खर्चाचा हिशेब बदलतो.

बाँड आणि नोटीस यांना हलके लेखू नका

स्पर्धाबंदीला न्यायालये जुमानत नाहीत म्हणून बाँडलाही जुमानणार नाहीत, हा समज मे २०२५ नंतर तरी सोडून द्यावा. विजया बँकेने अधिकाऱ्यांच्या भरतीत किमान तीन वर्षे सेवेची आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट घातली होती. एका अधिकाऱ्याने २००९ मध्ये आयडीबीआय बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, निषेध नोंदवून पैसे भरले आणि नंतर अटीला आव्हान दिले. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, पण सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: ही अट नोकरीच्या काळाशी निगडित आहे, नंतरच्या व्यवसायाला ती बंदी करत नाही आणि सार्वजनिक बँकेला नव्याने भरतीचा खर्च सोसावा लागतो, म्हणून रक्कमही अवाजवी नाही. खाजगी कंपनीच्या बाँडला हा निकाल जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. तिने तुमच्यावर खरोखर खर्च केला का, प्रशिक्षण नावापुरते होते की परदेशात पाठवून दिलेले होते, मुदतीपैकी किती सेवा झाली, हे प्रश्न उरतातच. म्हणून बाँड असेल तर त्यातली रक्कम, उरलेले महिने आणि कंपनीने केलेला खर्च यांचा हिशेब मांडा आणि नव्या कंपनीशी पगाराची बोलणी करताना तो समोर ठेवा. जॉइनिंग बोनसच्या रूपाने ती रक्कम भरून देणाऱ्या कंपन्या आहेत.

नोटीस पिरियडच्या कलमात एकच गोष्ट बारकाईने वाचा: पैसे भरून नोटीस कमी करण्याचा पर्याय नेमका कोणाचा आहे. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द असतील, तर नव्वद दिवसांचा पगार भरण्याची तयारी असूनही तुम्ही लगेच निघू शकत नाही. कोणतेही न्यायालय तुम्हाला पुन्हा त्याच खुर्चीवर बसून काम करायला लावणार नाही हे खरे, पण अर्धवट नोटीस टाकून गेलेला माणूस स्पर्धाबंदीच्या वादात स्वतःची बाजू कमकुवत करून बसतो.

नव्या कंपनीपासून लपवू नका

नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये ‘आपल्यावर आधीच्या मालकाचे काही निर्बंध आहेत का’ असा प्रश्न असतो. तेथे ‘नाही’ लिहिणे ही या सगळ्या प्रवासातील सर्वांत महागात पडणारी सही ठरू शकते, कारण उद्या जुन्या कंपनीची नोटीस आली की नवी कंपनी खोटी माहिती दिली म्हणून तुम्हाला काढू शकते आणि त्या वेळी कलम २७ तुमच्या मदतीला येणार नाही. ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला साधा ईमेल पाठवा: ‘माझ्या सध्याच्या करारात नोकरी सोडल्यानंतर बारा महिन्यांच्या स्पर्धाबंदीचे आणि गोपनीयतेचे कलम आहे. मी नोटीस पिरियड पूर्ण करणार आहे आणि जुन्या कंपनीची कोणतीही माहिती सोबत आणणार नाही. आपल्या विधी विभागाने हे पाहून लेखी कळवावे, ही विनंती.’ बहुतेक ठिकाणी यावर ‘हरकत नाही’ असे उत्तर येते आणि ते उत्तर जपून ठेवण्यासारखे असते.

तुमचे पद मोठे असेल तर आणखी एक पाऊल पुढे जा. जुन्या कंपनीने दावा केला तर वकिलाचा खर्च कोण करणार आणि तात्पुरती मनाई झाली तर ऑफर कायम राहणार का, हे लेखी विचारा. आणि मुलाखतीत कोणी जुन्या कंपनीचे दर, निविदेचे आकडे किंवा पुढचे उत्पादन यांविषयी खोदून विचारले, तर ‘ते मला सांगता येणार नाही’ एवढेच म्हणा. समंजस मालकाला ते उत्तर आवडते, कारण उद्या त्याच्याकडूनही तुम्ही असेच जाणार आहात.

याच टप्प्यावर नव्या अपॉइंटमेंट लेटरमधील असलेच कलम कमी करून घेण्याचा प्रयत्न करा. पूर्ण काढून टाका म्हटले तर एचआर ‘हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे’ म्हणून हात वर करते. मुदत सहा महिन्यांवर आणा, तीन कंपन्यांची नावे लिहा, ‘कोणत्याही स्वरूपाचे काम’ ऐवजी ‘सध्याच्या स्वरूपाचे काम’ असे करा, असे म्हटले तर बोलणी होतात.

राजीनामा आणि शेवटचे दिवस

राजीनामा दोन ओळींचा असावा: आजपासून राजीनामा देत आहे, करारानुसार शेवटचा दिवस अमुक. कोठे जाणार ते लिहिणे तुमच्यावर बंधनकारक नाही, करारात तसे स्पष्ट म्हटले असेल तर गोष्ट वेगळी. विचारल्यास खोटे सांगू नका. ‘योग्य वेळी कळवीन’ हे पुरेसे उत्तर आहे.

खटले प्रत्यक्षात कशावर उभे राहतात, ते येथे पाहू. एखादा विक्री व्यवस्थापक पेपर टाकल्यानंतर रविवारी रात्री लॅपटॉप उघडतो आणि ग्राहकांची एक्सेल फाइल स्वतःच्या जीमेलवर पाठवतो. त्याचे म्हणणे असे की, ‘हे नंबर मीच तर आठ वर्षे फिरून जमवले.’ ग्राहकाचे नाव आणि पत्ता बाजारात सर्वांना माहीत असतात, त्यामुळे ती नावे तेवढी गुपित ठरतीलच असे नाही. परंतु त्याच फाइलमध्ये प्रत्येकाला दिलेली सवलत, कराराच्या नूतनीकरणाची तारीख आणि खरेदी अधिकाऱ्याविषयीचे शेरे असतात, आणि ती माहिती कंपनीची असते. कंपनीच्या यंत्रणेत ईमेलची वेळ, फाइलचे नाव आणि आकार सगळे नोंदले जाते. अशी एक नोंद हाती लागली की कंपनीला स्पर्धाबंदीच्या दुबळ्या कलमाची गरजच उरत नाही. गोपनीयतेचा भंग आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यांचा आधार घेऊन ती थेट मनाई मागू शकते, प्रसंगी पोलिसांतही जाऊ शकते.

म्हणून राजीनाम्यापूर्वीच लॅपटॉपवरील गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचे वैयक्तिक खाते जोडलेले आहे का, ते पाहा, कारण फाइली आपोआप तिकडे जात असतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो. असे आढळल्यास गुपचूप पुसून टाकू नका, त्याने संशय वाढतो; आयटी विभागाला लेखी कळवून त्यांच्या देखत काढून घ्या. कुटुंबाचे फोटो वा आयकराचे कागद लॅपटॉपवर असतील तर तेही असेच परवानगीने घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरील ग्राहकांच्या ग्रुपमधून, कोणाला जोडायचे ते व्यवस्थापकाला विचारून, शेवटच्या दिवशी बाहेर पडा. लिंक्डइनवर नव्या नोकरीची घोषणा करणे हा गुन्हा नाही, पण ‘जुन्या सर्व ग्राहकांनी आता येथे संपर्क साधावा’ असे लिहिणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच छापणे होय.

बाहेर पडताना एचआर जे कागद पुढे करते, ते घाईत सही करण्यासाठी नसतात. कधी त्यात ‘मी पुढील एक वर्ष अमुक कंपन्यांत जाणार नाही’ असे नवे हमीपत्र असते आणि सही केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, असे सुचवले जाते. ईमेलने त्याची प्रत मागा आणि मूळ करारापलीकडे नवे बंधन स्वीकारता येणार नाही असे नम्रपणे कळवा. शेअर मिळालेल्यांनी तर अधिकच सावध राहावे, कारण स्पर्धकाकडे गेल्यास न विकलेले शेअर जप्त, अशी अट शेअरच्या पत्रात स्वतंत्रपणे असू शकते आणि तिचा वाद साध्या बंदीपेक्षा गुंतागुंतीचा असतो.

रिलीव्हिंग लेटर अडवले गेलेच, तर राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल, शेवटच्या तीन स्लिपा आणि पीएफच्या पासबुकातील बाहेर पडल्याची तारीख एवढ्यावर बहुतेक नव्या कंपन्या काम भागवतात. पीएफची रक्कम कंपनी अडवू शकत नाही. पाच वर्षांची सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटीही स्पर्धकाकडे गेल्याच्या कारणावरून रोखता येत नाही; तिच्या जप्तीची कारणे कायद्यात मोजकीच दिलेली आहेत.

परदेशातील करारावर सही असेल तर

वरचे सगळे भारतीय कायद्याचे आहे. कॅलिफोर्नियात अशी बंदी आपल्यासारखीच रद्दबातल आहे, पण अमेरिकेतील इतर राज्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत आणि देशभर बंदी उठवण्याचा २०२४ मधील केंद्रीय नियम टेक्सासमधील न्यायालयाने अंमलात येण्यापूर्वीच रद्द केला. जर्मनीत उलट परिस्थिती आहे: तेथे बंदी दोन वर्षांपर्यंत चालते, मात्र त्या काळात मालकाने निदान निम्मा मोबदला द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये वाजवी मुदतीची बंदी टिकते. कंपनीने ऑनसाइट पाठवताना तेथील शाखेचा करार करून घेतला असेल, तर तो त्या देशातल्या वकिलाला दाखवा.

वकिलाची नोटीस आलीच तर

बहुतेक नोटिसा धाक दाखवण्यासाठी असतात, पण उत्तर न देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जुन्या साहेबाला फोन करून वाद घालू नका, आणि ‘मी तर फक्त दोनच फाइली नेल्या’ असली वाक्ये व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. नोटिशीत दिलेल्या मुदतीत, सहसा सात किंवा पंधरा दिवसांत, वकिलामार्फत उत्तर पाठवा. उत्तरात तीन गोष्टी पुरतात: नोटीस पिरियड पूर्ण केला आहे, कोणतीही गोपनीय माहिती घेतलेली नाही आणि गोपनीयतेचे बंधन पाळले जाईल, नोकरीनंतरची बंदी कलम २७ नुसार अंमलात आणता येत नाही. नव्या कंपनीच्या एचआरला त्याच दिवशी कळवा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे फारच थोड्यांना माहीत असते.

कंपनी खरोखर न्यायालयात जाईल अशी चिन्हे असतील, तर वकिलाला कॅव्हेटविषयी विचारा. करारात लिहिलेल्या शहरातील न्यायालयात कॅव्हेट दाखल केले की, तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई होऊ नये, एवढी खबरदारी घेता येते. ते नव्वद दिवस चालते आणि पुन्हा दाखल करता येते. मात्र त्याची नोटीस समोरच्या पक्षाला जाते, म्हणजे निजलेल्या कंपनीला तुम्हीच जागे कराल, म्हणून ते उगाच करू नये.

वाद समझोत्याने मिटत असेल, विशेषतः बाँडच्या थोड्या रकमेवर, तर ती रक्कम बँकेमार्फतच द्या, रोख देऊ नका. देण्याआधी कंपनीच्या अधिकृत सहीचे पत्र घ्या: या रकमेनंतर कोणताही दावा उरलेला नाही, रिलीव्हिंग लेटर व अनुभवाचे पत्र अमुक तारखेपर्यंत दिले जाईल, आणि पार्श्वभूमीची चौकशी आल्यास नोकरीच्या तारखा व पद एवढीच माहिती कळवली जाईल.